सात आठे छप्पन्न

गेल्या मार्गशीर्षातील एका संध्याकाळची गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती, देवापुढील निरांजन मंदावत चालले होते आणि मी नित्याचे स्तोत्रपठण आटोपून ओटीवरील झोपाळ्यावर स्वस्थ बसलो होतो. आत माजघरात चिरंजीव आपल्या आठ वर्षांच्या कन्येचा अभ्यास घेत होते. "सात आठे किती?" हा प्रश्न प्रथम साध्या स्वरात आला. उत्तर आले नाही. दुसऱ्या खेपेस स्वर थोडा चढला. तिसऱ्या खेपेस तो असा चढला की, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाजही क्षणभर थांबला. "अगं, कालच पाठ केलास ना? लक्ष कुठे असतं तुझं?" पोर मुकी ती मुकीच. थोड्या वेळाने तिचे हुंदके ऐकू येऊ लागले व अभ्यास तेथेच संपला.

याच मुलीने त्याच दिवशी दुपारी माझ्याबरोबर अंगणात चिंचोक्यांचे सात-सातांचे ढीग मांडले होते. आठवा ढीग मांडून होताच मी मोजावयास लागणार, तोच "छप्पन्न, आजोबा!" असे म्हणून ती दुसऱ्या खेळाकडे वळलीही होती. दुपारी जे ज्ञान तिच्यापाशी खचित होते, ते पाच-सहा तासांत गेले कोठे? चोरीस गेले म्हणावे, तर चोर कोण?

परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, ती केवळ या कोड्यामुळे नव्हे. माजघरातून आलेला तो आवाज माझा होता. स्वर माझा, शब्द माझे, तिसऱ्या प्रश्नापूर्वी घेतलेला श्वाससुद्धा माझा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी याच माजघरात, याच चिरंजीवांना पुढ्यात बसवून मी तेच वाक्य कितीदा उच्चारले असेन, याची गणती नाही. पित्याची शेतजमीन पुत्राकडे येते, तशीच त्याची वाणीही येते, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळले.

माझा अधिकार फार मोठा नाही, हे वाचकांस आधीच सांगून टाकतो. जुन्या अकरावीची मॅट्रिक पदरात पाडून घेऊन मी प्राथमिक शिक्षक झालो व अडतीस वर्षे त्याच कामात घालवून निवृत्त झालो. संस्कृताचे जे काही संस्कार झाले, ते आजोबांपाशी, आणि पुढे सुट्यांमध्ये जवळच्या गावातील एका शास्त्रीबोवांपाशी तर्कसंग्रह वाचला तेव्हा. सूनबाई मानसशास्त्र शिकवितात. नव्या संशोधनाच्या गोष्टी त्या मला फावल्या वेळी समजावून सांगतात. या दोन्ही बाजूंनी जे हाती लागले व स्वतःच्या चुकांनी जे शिकविले, तेवढेच येथे मांडीत आहे.

आजोबा मला पहाटे उठवीत. एकाच घोंगडीचे एक टोक माझ्या अंगावर व दुसरे त्यांच्या अंगावर असे. शब्दरूपे म्हणताना मी मध्येच अडखळलो की ते रागावत नसत. "चल, आपण दोघंही पायथ्यापासून पुन्हा चढू," असे म्हणून माझ्याबरोबर प्रथमेच्या एकवचनापासून आरंभ करीत. आज साठ वर्षांनंतरही ती रूपे जिभेवर आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्या घोंगडीचा वासही. याउलट, शाळेत भूमिती शिकविणाऱ्या गुरुजींच्या हाती लाकडी पट्टी असे. त्यांचे नाव येथे घेत नाही. ते आज हयात नाहीत आणि त्यांच्या काळास अनुसरूनच ते वागत. त्या पट्टीच्या कडेचा टवका, तासाच्या वेळी भिंतीवर पडणारा उन्हाचा तुकडा, शेजारच्या मुलाचे घामेजलेले हात, हे सर्व मला स्पष्ट दिसते. सिद्धांत मात्र एकही आठवत नाही.

येथे कोणी म्हणेल की, भयाने स्मरण पक्के होते, याचाच हा पुरावा नव्हे काय? होय, पण कशाचे स्मरण? सूनबाईंनी सांगितले की, कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेम्स मॅक्गॉ यांनी अनेक वर्षे याच विषयाचा शोध घेतला. तीव्र भावना उद्भवली म्हणजे शरीरात जे स्राव सुटतात, ते मेंदूतील बदामाच्या आकाराच्या एका लहानशा भागाच्या द्वारे त्या प्रसंगाची आठवण घट्ट करतात, असे त्यांना आढळले. म्हणजे भय स्मृतीवर ठसा उमटविते, यात संशय नाही. पण तो ठसा पट्टीचा उमटतो, प्रमेयाचा नव्हे. मूल त्या तासाला काही शिकत नाही असे नाही. ते भिणे शिकते, व तो धडा जन्मभर विसरत नाही.

शास्त्रीबोवांनी एकदा वैशेषिक दर्शनावरील प्रशस्तपादाचार्यांच्या ग्रंथातील संस्काराचे प्रकरण मला ऐकविले होते. तेव्हा ते परीक्षेच्या दृष्टीने ऐकले. अर्थ कळावयास आयुष्य जावे लागले. स्मरणास कारण होणारा जो भावना नावाचा संस्कार, तो तीन प्रकारच्या अनुभवांनी दृढ होतो, असे आचार्य म्हणतात. पहिला तीव्र व आश्चर्यकारक अनुभव: त्याचे उदाहरण, दक्षिणेकडील मनुष्याने प्रथमच उंट पाहणे. दुसरा अभ्यास: विद्या, कला व व्यायाम यांमध्ये पुनःपुन्हा केलेली आवृत्ती. तिसरा आदर: एखादी अपूर्व वस्तू पाहण्याच्या उत्कंठेने मनुष्य मन डोळ्यांत आणून थांबतो आणि मग ती विजेसारखी क्षणभर जरी दिसली, तरी कायमची ठसते, जसे देवसरोवरातील सोन्यारुप्याच्या कमळांचे दर्शन. आणि या संस्काराचे विरोधी कोण, तर त्यांत मदाबरोबर दुःखाचीही गणना त्यांनी केली आहे.

या तिहींपैकी आम्ही शिक्षकांनी व वडीलधाऱ्यांनी फक्त अभ्यास तेवढा उचलला. उंट दाखविण्याचे कष्ट कोण घेतो? आणि आदर म्हणजे मुलांनी आम्हांस नमस्कार करणे, एवढाच अर्थ आम्ही लावला. आचार्यांचा आदर विषयाविषयीचा आहे. पाहावयाची जी वस्तू, तिच्याविषयीची ओढ आहे. ती ओढ भयाने कशी उत्पन्न होणार? भ्यालेल्या मुलाचे डोळे कमळाकडे नसतात, ते गुरुजींच्या हाताकडे असतात.

आता चिंचोक्यांच्या कोड्याकडे वळतो. आपल्या नैयायिकांनी मन अणुपरिमाण मानले. एका क्षणी दोन ज्ञाने उत्पन्न होत नाहीत, यावरूनच मनाचे अस्तित्व ओळखावे, असे गौतमाच्या न्यायसूत्रांत म्हटले आहे. आधुनिक शास्त्र ही भाषा वापरीत नाही, व आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊकच होते असे म्हणण्याचा मोह मला नाही. तथापि १९७४ मध्ये ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच या इंग्रज संशोधकांनी कार्यकारी स्मृतीचे जे स्वरूप मांडले, तेही याच निरीक्षणाच्या शेजारी बसणारे आहे. हिशेब करताना आपण आकडे मनात ज्या जागी तात्पुरते धरून ठेवतो, ती जागा लहानशा पाटीएवढी आहे. त्या पाटीवर "बाबा रागावतील", "मी ढ आहे", "आता मला रडू येणार" ही वाक्ये भयाने लिहून ठेवली, म्हणजे सात आणि आठ यांनी बसावे कोठे? ज्ञान चोरीस गेलेले नव्हते. ते कोठारात जसेच्या तसे होते. दाराशी गर्दी झाली होती, इतकेच.

याला एक सुंदर पुरावा आहे. शिकागो येथील जेरार्डो रामिरेझ व सायन बेलॉक यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटे विद्यार्थ्यांना आपली धास्ती कागदावर मोकळेपणाने लिहावयास सांगितली. तर ज्यांना परीक्षेचे भय फार, त्यांचेच गुण अधिक सुधारले. पाटीवरील मजकूर कागदावर उतरला व पाटी मोकळी झाली, असेच मला वाटते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून विनाशापर्यंतची जी उतरंड सांगितली आहे, तीत स्मृतीचा विभ्रम ही मधली पायरी आहे. तो अध्याय मी शेकडो वेळा म्हटला असेन. परंतु ही सारी पायऱ्यांची माळ क्रोध करणाऱ्याचीच, असे मी समजत आलो. क्रोध एकाचा आणि स्मृतिभ्रंश दुसऱ्याचा, असे आमच्या माजघरात घडत होते, हे त्या रात्री प्रथम ध्यानात आले.

आणि मग जे आठवले, ते लिहावे की न लिहावे, याचा विचार मी पुष्कळ केला. लिहितो.

नोकरीच्या मध्यावर असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. आई आठवड्याच्या बाजारात भाजी विकी. मंगळवारी तो तिच्या शेजारी तागडीपाशी बसे. एका सोमवारी मी फळ्यावर अडीच गुणिले तीन असे लिहून त्याला उभे केले. तो खडू हातात धरून तसाच उभा राहिला. मी दोन छड्या मारल्या, "ठोंब्या" म्हटले, वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी बाजारात मी त्याच्याच पुढ्यात गवार घ्यावयास उभा राहिलो. दर अडीच रुपये पावशेर. मी पाऊण किलो मागितली व दहाची नोट दिली. त्याने तागडी खाली ठेवण्यापूर्वीच अडीच रुपये माझ्या हातावर ठेवले. कालचेच उदाहरण! एका क्षणात, बिनचूक! मला ते तेथेच उमगले. तरी मी एक अक्षर बोललो नाही. त्याने मान खाली घातली आणि कोथिंबिरीची एक जुडी वरकड म्हणून माझ्या पिशवीत टाकली. मी ती घरी घेऊन आलो.

पुढील वर्षी तो शाळेत आला नाही. महिनाभर गैरहजेरी मांडली आणि मग पटावरील त्याचे नाव माझ्याच हाताने कमी केले. घर ठाऊक होते, चौकशीस गेलो नाही.

ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा तेथील संशोधकांनी घेतली होती. १९८५ मध्ये त्यांनी लिहिले की, विक्री करताना शंभरापैकी सुमारे ९८ हिशेब बरोबर करणारी तीच मुले, तीच आकडेमोड कागदावर दिली असता शंभरापैकी सुमारे ३७ च बरोबर करीत. आपल्याकडील कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीही अशीच गोष्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. हे संशोधक बोट ठेवतात ते मुख्यतः अर्थावर व पद्धतीवर. बाजारात आकड्याला वस्तूचा आधार असतो, फळ्यावर नसतो, असे त्यांचे म्हणणे. आणि ते योग्यच आहे. पण माझ्या वर्गात अर्थाचा अभाव होता, त्याच्या जोडीला माझी छडीही होती. माझ्यापुरता तो भाग मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारू शकत नाही.

पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करणे व मानसिक छळ करणे, दोन्ही निषिद्ध ठरविले. त्यावेळी मी नोकरीत होतो. छडी कपाटावर गेली. जीभ मात्र जागच्या जागी राहिली. कायदा हात धरू शकतो, पण स्वर धरणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी चिरंजीवांना म्हटले, "काल तू तिच्याशी जसा बोललास, तसा मी तुझ्याशी बोलत असे. ते चुकलंच माझं." एवढे बोलणे आमच्या घरात सोपे नाही. चिरंजीव बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाना, तुमच्या वहाणा ओटीवर वाजल्या की मला पाढे विसरायला व्हायचे. आणि खरं सांगू? काल सात आठे मी तिला विचारत होतो, पण गोळा माझ्याच पोटात आला होता. तिला येत नाही म्हणजे आता कोणीतरी मला रागावणार, असंच वाटत होतं." चिरंजीव चाळिशी ओलांडलेले आहेत, एका मोठ्या कचेरीत जबाबदारीच्या जागी आहेत. रागावणारा मी येथे म्हातारा होऊन बसलो आहे. तरी तो गोळा अद्याप जिवंत!

सूनबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेत पहिली-दुसरीतील मुलांविषयीचे हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे, त्यांनी मुलांना गृहपाठात वरचेवर मदत केली, तर ती मुले वर्षभरात गणित कमी शिकतात व स्वतःही भिऊ लागतात. जेथे असे पालक वरचेवर मदत करीत नाहीत, तेथे हा परिणाम दिसत नाही. म्हणजे भीती रक्तातून नव्हे, तर गृहपाठाच्या चटईवरून पुढे जाते. आजोबांपासून पुत्रापर्यंत व पुत्रापासून नातीपर्यंत ती कशी आली, याचा नकाशाच जणू माझ्यापुढे उलगडला गेला.

आणि भीतीबरोबर विचारही येतो. त्याच आठवड्यात नात मला सहज म्हणाली, "आजोबा, माझं डोकं गणिताचं नाहीच मुळी." आठ वर्षांच्या मुलीला आपल्या डोक्याविषयी हा निकाल कोणी कळविला? शोध घेता निष्पन्न झाले की, पंक्तीला कोणी तरी, "आपल्या घरातल्या बायकांचं गणित कच्चंच," असे हसत हसत म्हटले होते. म्हणणाऱ्याच्या मनात काही नव्हते. पण मोठ्या कुटुंबात पाटावर वाढलेले शब्द मुले भाताबरोबर गिळतात. ज्याने आपण हरणार असे आधीच मानले, तो प्रयत्नाची पहिली ठेच लागताच "हे तर ठरलेलेच होते" असे म्हणून खाली बसतो. आणि ज्याने "मला अजून येत नाही" असे मानले, तो उठून पुन्हा चालू लागतो. फरक एका 'अजून' या शब्दाचा, पण त्याचे मोल वर्षावर्षांचे आहे.

मग मुलांना काहीच बोलू नये, सर्व मनासारखे करू द्यावे, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. आजोबांनी मला एकही रूप सोडू दिले नाही. पायथ्यापासून चढावयास लावले, थंडीत चढावयास लावले. अभ्यास हे संस्काराचे कारण आहेच, आणि त्याला श्रम पडतात. थोडी काळजी, थोडी चुरस मनाला जागे करते, हेही खरे. १९०८ मध्ये यर्क्स व डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा त्यांना दिसले की, सोपी निवड शिकताना झटका जरा जोराचा असला तरी चाले. निवड कठीण होत गेली, तसा जोराचा झटका शिकणे लांबवू लागला. उंदीर आणि मूल एक नव्हेत. परंतु आम्ही नेमके उलटे करीत आलो, एवढे माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. उदाहरण जितके कठीण, तितका आमचा आवाज मोठा.

आमच्या घरात आता काही लहान बदल झाले आहेत. पाढे विचारणारा खुर्चीवर न बसता मुलीच्या शेजारी जमिनीवर बसतो. उत्तर येईपर्यंत मनातल्या मनात दहा आकडे मोजावे, मगच दुसरा शब्द काढावा, असा नियम आहे. दमून आलेल्या माणसाने त्या दिवशी अभ्यास घेऊ नये. घरात इतकी माणसे आहेत, दुसऱ्याने घ्यावा. एकत्र कुटुंबाचा हा लाभ आपण विसरतो. आणि कोणाचे डोके कशाचे आहे वा नाही, याची चर्चा पंक्तीला बंद.

याने सर्व सुरळीत झाले, असे लिहिले तर ते असत्य होईल. चिरंजीवांचा स्वर अजूनही कधी चढतो. मग ते आपणच उठून पाणी पिऊन येतात. नातीचे सात आठे एखादे दिवशी चौपन्नही होतात. परवा असेच अडले. ती गप्प बसली. माझ्याही ओठांवर जुने वाक्य आले होते, पण दहा आकडे पुरे होण्याच्या आत ती म्हणाली, "थांबा ना आजोबा, सांगू नका. येतंय." आणि तिने बोटांवर सात पाचे पस्तीसपासून पुन्हा चढावयास आरंभ केला.

त्या भाजीवाल्या बाईच्या मुलाचे आज वय पन्नाशीच्या जवळ असेल. या वैशाखात त्या गावी जाऊन त्याचे घर शोधावयाचे मी ठरविले आहे. भेटला तर काय बोलावे, हे अजून सुचलेले नाही. अडीच गुणिले तीन किती, हे त्याला येत होते, एवढे तरी सांगावे म्हणतो.